मलेरियाचा परजीवी अंगभर पसरतो तेव्हा प्रतिकारशक्ती नेमकी कुठे अडते?

सूक्ष्मजीव_टीवाय

परजीवींच्या प्रतिकारशास्त्राचा पेपर आहे आणि फॅल्सिपॅरम या सर्वांत घातक जातीच्या मलेरियापाशी येऊन अडलोय. विषाणूसंसर्गाचा क्रम डोक्यात नीट बसतो: बाधित पेशी, मग सीडी८ टी पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या), मग अँटीबॉडी, मग स्मृती. इथे परजीवी आधी त्वचेत, मग यकृतात, मग रक्तात, आणि रक्तातून मेंदू, मूत्रपिंड, फुफ्फुस असा सगळीकडे. प्रत्येक ठिकाणी त्याला अडवतं कोण? पहिल्यांदाच मलेरिया झालेल्या माणसात अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर किल्ला कोण लढवतं?

आणखी तीन शंका आहेत. मलेरिया कायम असलेल्या प्रदेशातल्या प्रौढांच्या रक्तात परजीवी सापडतात पण ताप नसतो, मग त्यांना प्रतिकारशक्ती आहे म्हणायचं की नाही? परजीवी म्हटलं की इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढायला हवेत ना? आणि मेंदूचा मलेरिया दाहामुळे होत असेल तर स्टेरॉइड का देत नाहीत?

पेशीपुराण

तुमच्या क्रमात एक गोष्ट जोडा. परजीवी नुसती जागा बदलत नाही, रूपही बदलतो. अंगावरची प्रथिनं प्रत्येक टप्प्यात वेगळी असतात, त्यामुळे एका टप्प्याविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी पुढच्या टप्प्यावर फारशी चालत नाही. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती उशिरा येते आणि अर्धवट राहते, त्याचं निम्मं कारण हेच.

डास एका चाव्यात साधारण शंभराच्या आतच स्पोरोझोइट (परजीवीचं डासातून येणारं रूप) सोडतो, कधी जास्त. ते त्वचेतून सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर वेगाने सरपटत केशवाहिनी शोधतात. काही लसिकावाहिनीत शिरतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत अडकतात. तिथल्या डेंड्रिटिक पेशी त्यांचे तुकडे टी पेशींना दाखवतात, म्हणजे प्रशिक्षण चाव्याच्या जागेजवळच सुरू होतं. स्पोरोझोइटच्या अंगावर सीएसपी नावाचं प्रथिन असतं. त्याविरुद्धची अँटीबॉडी आधीपासून भरपूर असेल तर त्याची हालचाल इथेच थांबते. पहिल्या संसर्गात ती नसते, त्यामुळे ही वेस मोकळीच राहते.

यकृतात तो कुप्फर पेशींतून (यकृतातल्या भक्षक पेशी) आरपार जातो आणि यकृतपेशीत घर करतो. पुढचे सहा-सात दिवस काहीही लक्षण नसतं. यकृतपेशीला केंद्रक आहे, एमएचसी वर्ग १ (आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दाखवणारा रेणू) आहे, म्हणून सीडी८ टी पेशी तिला ओळखून मारू शकतात. इंटरफेरॉन गॅमा या संदेश-प्रथिनामुळे पेशीच्या आतला परजीवीही मरतो. हत्यार योग्य आहे, अडचण आकड्यांची आहे. यकृतात पेशी सुमारे शंभर अब्ज, त्यातल्या बाधित मोजून दहा-वीस. त्या आठवड्याच्या आत शोधायच्या, आणि नव्याने जाग्या झालेल्या टी पेशींना संख्या वाढवायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. उंदरांच्या प्रयोगांत यकृतातलं संरक्षण मिळवायला सीडी८ पेशींचं प्रमाण प्रचंड ठेवावं लागतं ते याचसाठी.

आठवडा संपला की एकेका यकृतपेशीतून तीसेक हजार मेरोझोइट (तांबड्या पेशींत शिरणारं रूप) बाहेर पडतात. तेही उघड्यावर नाही. यजमान पेशीच्याच पटलात गुंडाळलेल्या पुड्यांतून ते रक्तात उतरतात, त्यामुळे कुप्फर पेशींच्या तावडीतून निसटतात. आता ते तांबड्या पेशीत शिरतात, आणि तांबड्या पेशीला केंद्रक नाही, एमएचसी नाही. सीडी८ टी पेशी इथे आंधळी. यकृतात जे उत्तम हत्यार होतं ते रक्तात निकामी होतं.

तुमच्या «तोवर किल्ला कोण लढवतं» या प्रश्नासाठी थोडी आकडेमोड करू. समजा दहा यकृतपेशी बाधित झाल्या. प्रत्येकी ३०,००० धरले तर तीन लाख मेरोझोइट. सगळे तांबड्या पेशींत शिरले असं माना. रक्त ५ लिटर म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर, म्हणजे मायक्रोलिटरला ०.०६ परजीवी. दर ४८ तासांना दहापट वाढ धरा, पहिल्यांदा संसर्ग झालेल्या माणसात ती साधारण तेवढी असते. तीन चक्रांनी, म्हणजे सहा दिवसांनी, ६०. इथे कुठे ते रक्ताच्या नेहमीच्या स्लाइडवर दिसू लागतात. चाव्यापासून हिशेब धरला तर तेरावा दिवस, आणि तापही याच सुमारास येतो. सहा चक्रांनी ६०,०००, म्हणजे शंभरात एकाहून जास्त तांबड्या पेशी बाधित. आणखी एक चक्र गेलं तर बारा टक्के, म्हणजे जीवावर बेतलं.

आता वाढ दहापटीऐवजी पाचपट करून बघा. सहा चक्रांनंतर ६०,००० ऐवजी सुमारे ९४०. चौसष्टपट फरक. पहिल्या दोन आठवड्यांत जन्मजात प्रतिकारशक्तीने परजीवी संपवायलाच हवा असं नाही. वाढीचा गुणक खाली आणला तरी अँटीबॉडी येईपर्यंत माणूस टिकतो.

गुणक खाली आणणारे मुख्यतः चौघे. गॅमा-डेल्टा टी पेशींचा एक उपप्रकार परजीवीच्या चयापचयात तयार होणारे फॉस्फेटयुक्त छोटे रेणू ओळखतो. त्याला एमएचसी लागत नाही, आणि पहिल्या संसर्गात त्याची संख्या जोरात वाढते. एनके (नॅचरल किलर) पेशी लवकर इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि नंतर अँटीबॉडी आल्या की त्यांच्या मदतीने बाधित पेशी फोडतात. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज बाधित पेशी गिळतात. चौथी प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव), आणि माझ्या मते तिच्याबद्दल पुस्तकं फारच कमी लिहितात.

जाड_पातळ_स्मिअर

प्लीहेबद्दल मी लिहितो, कारण स्लाइडवर काय दिसतं आणि काय दिसत नाही ते तिच्याशी बांधलेलं आहे.

प्लीहेच्या लाल गरातून परत शिरेत जाताना तांबड्या पेशीला भिंतीतल्या एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं. पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर. निरोगी पेशी लवचीक असते, सहज निघून जाते. आत परजीवी वाढला की पेशी ताठ होते, अडकते, आणि तिथे बसलेले मॅक्रोफेज तिला उचलतात. म्हणजे रक्तातल्या टप्प्यात प्रतिकारशक्तीला परजीवीचं प्रथिन न ओळखताही पेशी पकडता येते, नुसत्या ताठपणावरून.

फॅल्सिपॅरमने यावर काढलेला तोड म्हणजे चिकटणं. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर गाठीसारखे उंचवटे येतात आणि त्यांवर पीएफईएमपी१ हे प्रथिन. साधारण अठरा-वीस तासांनंतर या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीला सीडी३६, आयकॅम-१, ईपीसीआर अशा रेणूंच्या आधारे चिकटून बसतात आणि प्लीहेकडे फिरकतच नाहीत. म्हणून फॅल्सिपॅरमच्या स्लाइडवर बहुतेक कोवळ्या रिंगाच (परजीवीची सुरुवातीची, अंगठीसारखी अवस्था) दिसतात. पिकलेले परजीवी मेंदूत, आतड्यात, वारेत (प्लासेंटात) चिकटलेले असतात.

यातून होणाऱ्या चुका ध्यानात ठेवा:

– स्लाइडवरची टक्केवारी म्हणजे शरीरातला एकूण परजीवीभार नव्हे. चिकटलेले मोजलेच जात नाहीत. रिंगा थोड्या दिसल्या म्हणून आजार सौम्य असं धरू नये.
– परिघीय रक्तात शायझोंट (फुटायच्या बेतातले पिकलेले परजीवी) दिसायला लागले तर ती गंभीर खूण. न्यूट्रोफिलमध्ये परजीवीचं तपकिरी रंगद्रव्य दिसणाऱ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं तरी तसंच. नुकत्याच बऱ्याच पिकलेल्या पेशी फुटल्या, असा त्याचा अर्थ.
– पहिली स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असं लिहून मोकळं होऊ नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा, असं दोन-तीन वेळा बघावं. पहिल्यांदा आजारी पडणाऱ्याला परजीवी स्लाइडवर दिसण्याआधीही ताप येऊ शकतो.
– एचआरपी२ या परजीवीच्या प्रथिनावर चालणारी झटपट चाचणी उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते, कारण ते प्रथिन रक्तात रेंगाळतं. औषधाचा परिणाम बघायला स्लाइडच हवी.

इओसिनोफिलचं: ते मुख्यतः ऊतींतून फिरणाऱ्या कृमींचं लक्षण. तिथे आयएल-५, आयएल-४, आयएल-१३ (पेशींमधले संदेश-रेणू) आणि आयजीई ही अँटीबॉडी असा कारभार असतो, कारण एवढा मोठा जीव कुठलीही पेशी गिळू शकत नाही. मलेरियाचा परजीवी एकपेशीय आणि पेशीच्या आत राहणारा, त्याच्याविरुद्ध इंटरफेरॉन गॅमाचा कारभार चालतो. तीव्र मलेरियात इओसिनोफिल उलट कमी होतात, उपचारानंतर वर येतात. तापाच्या रुग्णात प्लेटलेट उतरलेल्या, पांढऱ्या पेशी नेहमीएवढ्या किंवा थोड्या कमी, इओसिनोफिल जवळपास नाहीत, असं चित्र दिसलं तर मलेरिया डोक्यात हवाच.

सूक्ष्मजीव_टीवाय

दोघांचेही आभार, गुणकाचं गणित कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. पण मग दोन आठवड्यांनी अँटीबॉडी आल्यावर खेळ संपायला हवा. तो महिनोनमहिने का चालतो? आणि इंटरफेरॉन गॅमा एवढा उपयोगी असेल तर जितका जास्त तितकं चांगलं, असं का नाही?

आयजीजी_तीन

अँटीबॉडी काम करतात हे १९६१ मध्येच सिद्ध झालं. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन मलेरियाने आजारी मुलांना दिलं आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. टी पेशी न देता, नुसत्या अँटीबॉडीने.

पण अँटीबॉडीला पकडायला मिळतं काय ते बघा. मेरोझोइट एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत शिरेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं उघडा असतो. तेवढ्यात आरएच५, एएमए१, एमएसपी१ अशा प्रथिनांवर पुरेशा अँटीबॉडी जाऊन बसल्या पाहिजेत. म्हणून नुसतं «अँटीबॉडी पॉझिटिव्ह» असणं फारसं काही सांगत नाही. पातळी किती आणि वर्ग कोणता हे महत्त्वाचं. आयजीजी१ आणि आयजीजी३ हे अँटीबॉडीचे वर्ग मोनोसाइटला आणि एनके पेशींना जोडून घेतात, पूरक प्रथिनांनाही (कॉम्प्लिमेंट) कामाला लावतात. आयजीजी२ आणि आयजीजी४ यात बरेच कमी पडतात.

दुसरं लक्ष्य बाधित पेशीवरचं पीएफईएमपी१. इथे परजीवीकडे साठेक व्हार जनुकं (प्रत्येक या प्रथिनाचं वेगळं रूप घडवतं) आहेत आणि एका वेळी त्यातलं एकच चालू असतं. ज्या रूपाविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या ते रूप संपतं, पण तोवर थोड्या परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. ते वाढतात, मग त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी, मग तिसरं. रक्तातली परजीवींची संख्या लाटांनी वरखाली होते ती यामुळे. शिवाय वेगवेगळ्या वाणांचे साठांचे संच वेगळे, त्यामुळे पुढचा डास नवीनच संच घेऊन येऊ शकतो.

कायम मलेरिया असलेल्या प्रदेशातल्या प्रौढांचं उत्तर यातच आहे. वर्षानुवर्षं वेगवेगळी रूपं बघून त्यांचा अँटीबॉडींचा साठा रुंद झालेला असतो. क्रम ठरलेला: आधी गंभीर आजारापासून संरक्षण, तेही बालपणातल्या थोड्याच संसर्गांनंतर. मग पुष्कळ उशिरा साध्या तापापासून. परजीवी अंगात येऊच न देणारं पूर्ण संरक्षण जवळपास कधीच नाही. तेव्हा प्रतिकारशक्ती आहेच, फक्त ती आजाराविरुद्ध आहे, संसर्गाविरुद्ध नाही. आणि माणूस काही वर्षं त्या प्रदेशाबाहेर राहिला की तीही ओसरते. पहिलटकरणीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. वारेत चिकटणारं व्हार२सीएसए हे रूप तिच्या शरीराने आधी पाहिलेलंच नसतं, म्हणून एरवी संरक्षित असलेली बाई पहिल्या गरोदरपणात पुन्हा धोक्यात येते. पुढच्या गरोदरपणांत त्या रूपाविरुद्धच्या अँटीबॉडी साठत जातात.

स्मृतीही कच्ची राहते. चांगली, टिकाऊ अँटीबॉडी बनायला लसिकाग्रंथीतल्या जननकेंद्रात बी पेशी आणि सहायक टी पेशी यांची शांतपणे गाठ पडावी लागते. तीव्र मलेरियातला इंटरफेरॉन गॅमाचा भडिमार या सहायक टी पेशींना दाहाच्या दिशेने वळवतो, त्या बी पेशींना नीट मदत करत नाहीत. वारंवार संसर्ग झालेल्यांत एक वेगळ्या धाटणीच्या, सीडी२१ गमावलेल्या स्मृती बी पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसतं. त्या उपयोगी की थकलेल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परीक्षेत दोन्ही बाजू लिहा.

लसीचं तुम्ही विचारलं नाही, पण वरच्या सगळ्याशी ती जोडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरटीएस,एस आणि २०२३ मध्ये आर२१ या लसींची शिफारस केली. दोन्ही स्पोरोझोइटच्या सीएसपीवर रोखलेल्या आहेत. म्हणजे संख्या शंभराच्या आसपास असतानाच गाठायचं. पातळी खूप उंच लागते आणि ती उतरली की संरक्षणही उतरतं, म्हणून तीन डोसनंतर चौथा द्यावाच लागतो. एक जरी स्पोरोझोइट निसटला तरी रक्तातला टप्पा पूर्ण ताकदीने सुरू होतो, आणि तिथे ही लस काहीच करत नाही. ताकदीचा अंदाज घ्यायचा तर मालीमधली एक चाचणी बघा. सीएसपीविरुद्धची तयार मोनोक्लोनल अँटीबॉडी प्रौढांना किलोला ४० मिलिग्रॅम या प्रमाणात एकदाच दिल्यावर सहा महिन्यांच्या हंगामात ८८ टक्के परिणामकारकता दिसली.

वॉर्डफेरी

इंटरफेरॉन गॅमा जास्त तितकं चांगलं का नाही, ते मी सांगतो.

बाधित पेशी फुटली की मेरोझोइटबरोबर हेमोझोइनचे (त्या तपकिरी रंगद्रव्याचे) स्फटिक, परजीवीचा डीएनए, जीपीआय या त्याच्या पटलातल्या मेदयुक्त रेणूचे तुकडे असं सगळं रक्तात येतं. मोनोसाइट टीएलआर२, टीएलआर९ वगैरे ग्राहकांमार्फत ते ओळखतात आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ हे दाहाचे संदेश-रेणू सोडतात. हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढतं, हुडहुडी भरते, ताप चढतो. टीएनएफमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आयकॅम-१ वाढतं. आणि बाधित पेशी चिकटतात त्याच आयकॅम-१ ला. म्हणजे दाह जितका जास्त तितक्या चिकटायच्या जागा जास्त, तितका केशवाहिन्यांत अडथळा, तितकं लॅक्टिक आम्ल.

त्यामुळे शरीर ब्रेकही लावतं. इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या टी पेशीच पुढे दाह शमवणारं आयएल-१० बनवू लागतात, त्याच पेशी, वेगळ्या कुणी नव्हेत. आयएल-१० चं जनुक काढलेल्या उंदरांना प्लास्मोडियम शाबॉडी या उंदरांतल्या मलेरिया-परजीवीचा संसर्ग दिला तर परजीवी फारसे वाढत नाहीत, पण उंदीर जास्त आजारी होतात आणि जास्त मरतात. दाहाने मरतात. उलट ब्रेक फार लवकर लागला तर परजीवी हाताबाहेर जातो. वेळ साधणं हाच सगळा प्रश्न.

रक्तक्षयही बराचसा यातूनच येतो. फॅल्सिपॅरममध्ये एका बाधित पेशीमागे साधारण आठ निरोगी तांबड्या पेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. चेतवलेली प्लीहा थोडी ताठ झालेली निरोगी पेशीही उचलते, आणि दाहामुळे अस्थिमज्जेतलं उत्पादनही मंदावतं. म्हणून परजीवी गेल्यावरही हिमोग्लोबिन काही दिवस खाली येत राहतं.

आता स्टेरॉइड. तर्क आकर्षक आहे आणि तो तपासला गेलाय. थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या १०० रुग्णांवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी झाली, १९८२ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू कमी झाले नाहीत. वाचलेल्यांत बेशुद्धी सरासरी ६३ तास टिकली, स्टेरॉइड न दिलेल्यांत ४७ तास. न्यूमोनिया आणि पचनमार्गातला रक्तस्राव यांसारखी गुंतागुंतही वाढली. गांबियात मुलांना टीएनएफविरोधी अँटीबॉडी देऊन पाहिली, तेव्हा ताप उतरला, मृत्यू घटले नाहीत, आणि वाचलेल्यांत मज्जासंस्थेचे दोष जास्त दिसले. कारण सरळ आहे: केशवाहिनी मुख्यतः चिकटलेल्या पेशींनी तुंबलेली असते. दाह दाबून ती मोकळी होत नाही.

स्टेरॉइड आणि परजीवी यांची याहून घातक जोडी म्हणजे स्ट्रॉंगिलॉइडिस. आतड्यात वर्षानुवर्षं गप्प बसलेला हा कृमी स्टेरॉइड सुरू केल्यावर फुफ्फुसांपर्यंत, मेंदूपर्यंत पसरू शकतो, सोबत आतड्यातले जिवाणू नेतो, आणि अशा वेळी इओसिनोफिल वाढलेले नसतातच. संशय असेल तर स्टेरॉइडआधी तपासणी करावी, किंवा आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक द्यावं.

पेशीपुराण

वॉर्डफेरींच्या मुद्द्याला एक पुरवणी. पुस्तकांत «मेंदूच्या मलेरियाला सीडी८ पेशी कारणीभूत» असं वाक्य भेटेल. ते प्लास्मोडियम बर्घेईच्या उंदरांतल्या नमुन्यावरून आलेलं आहे. तिथे सीडी८ पेशी काढल्या तर उंदीर वाचतात. माणसाच्या शवविच्छेदनात मात्र ठळक दिसतं ते चिकटलेल्या बाधित पेशींनी भरलेल्या केशवाहिन्या. अलीकडे मेंदूच्या वाहिन्यांत सीडी८ पेशीही सापडल्या आहेत, तेव्हा त्यांचा वाटा शून्य असं म्हणू नका. उत्तरात प्राणी कोणता ते लिहा, एवढंच.

सूक्ष्मजीव_टीवाय

शेवटची शंका. औषध परजीवी मारतं, मग उपचार सुरू झाल्यावर प्रतिकारशक्तीचं काम उरतं का?

जाड_पातळ_स्मिअर

चांगलंच उरतं. आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध रिंगांच्या अवस्थेतच परजीवी मारतं, पण मेलेला परजीवी तांबड्या पेशीच्या आतच असतो. प्लीहा ती पेशी फटीतून ओढताना परजीवी तेवढा उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. स्लाइड भराभर स्वच्छ होते ती यामुळे. प्लीहा काढलेल्या रुग्णात मेलेले परजीवी कितीतरी जास्त दिवस दिसत राहतात, आणि कुणीतरी घाईने औषधाला दाद देत नाही असा शेरा मारतं.

वॉर्डफेरी

आणि उपसून सोडलेल्या त्या पेशी दुबळ्या असतात. त्या साधारण एक ते तीन आठवड्यांत एकदम फुटू शकतात. ज्यांची परजीवींची टक्केवारी सुरुवातीला जास्त होती त्यांच्यात हे अधिक दिसतं. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो आणि मग हिमोग्लोबिन उतरतं, लघवी गडद होते. हा मलेरिया उलटलेला नसतो: स्लाइड निगेटिव्ह, एलडीएच वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन खाली (दोन्ही तांबड्या पेशी फुटल्याच्या खुणा). शिरेतून आर्टेसुनेट दिलेल्या रुग्णाला सुट्टी देतानाच पुढचे चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघायची तारीख कागदावर लिहून द्यावी.